पट्टी धरणारी

"ओ पावणं! दिसत न्हाय व्हय? आत्ता पुसलीया फरशी!"

तोंडातून निघून गेलं आणि मग मी वर बघितलं.

डायलिसिस विभागाच्या दारात एक माणूस उभा होता. तिशीच्या आतला. ऑगस्ट सरत आला तरी पाऊस सरत नव्हता, आणि त्यातला निम्मा पाऊस हा माणूस अंगावर घेऊन आला होता. केसांतून, बाह्यांतून पाणी गळत होतं. कोरडी होती ती फक्त छातीशी धरलेली फाईल, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. आणि त्याच्या मागं, लिफ्टपासून दारापर्यंत, माझ्या फरशीवर तांबड्या चिखलाची पावलं.

त्यानं मागं वळून ती पावलं बघितली. वाकून बूट काढले आणि हातात घेतले.

"आता न्हाईत पडायची," तो म्हणाला. "पण पावणा म्हणू नका. पावणा येतो आणि जातो. मी आता दर सोमवारी आणि गुरुवारी येणार... कायमचा."

त्या विभागात 'कायमचा' म्हणजे काय, हे फरशी पुसणारीलाही ठाऊक असतं.

तेवढ्यात आमच्या टेक्निशियन दीपा मॅडम आतून आल्या. "मगदूम सर ना? गगनबावड्याचे? पाच नंबरचा बेड तुमचा. राजनंदिनी, सरांना टॉवेल दे."

"राजनंदिनी?" त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या फिनेलच्या बादलीकडं.

"का? फरशी पुसणारीचं नाव राजनंदिनी असू ने व्हय?"

"असावं की," तो म्हणाला. ओठ सरळच होते, पण डोळे... डोळे हसत होते. "म्हणून तर बूट काढले."

मी टॉवेल दिला आणि तांबडी पावलं परत पुसायला घेतली.

वृषभ मगदूम. मूळचे हुपरीचे. वडील नव्हते, थोरला भाऊ घरी चांदीच्या पैंजणांचं काम बघायचा. हे गगनबावड्याच्या हायस्कुलात गणिताचे शिक्षक. दोन वर्षांपूर्वी डोकं दुखतंय म्हणून डॉक्टरकडं गेले आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळून परत आले. आधी दुसरीकडं डायलिसिस करायचे, आता आमच्याकडं. सकाळची एसटी धरायची, रंकाळा स्टँडला उतरायचं, चार तास मशीनला स्वतःला बांधून घ्यायचं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गगनबावडा गाठायचा.

आणि मी तेवीस वर्षांची. फुलेवाडीत घर. आई लहानपणीच गेली, वडील आकाराम दुधाचा टेम्पो चालवतात. दहावीला गणितात नापास झाले. परत बसले, परत नापास. मग हॉस्पिटलात लागले. बेड झाडायचे, चादरी बदलायच्या, पेशंटला ब्लँकेट द्यायचं, आणि दीपा मॅडम घाईत असल्या की दर तासाचं ब्लडप्रेशर चार्टवर लिहायचं. मॅडम म्हणायच्या, "तुझा हात हलका हाय गं. दहावी झालीस तर डायलिसिसच्या कोर्सला तुझं नाव मी स्वतः देते." दहावी... मॅडमना वाटायचं ती शेजारच्या गल्लीत ठेवलेली असते.

पहिले काही दिवस आमच्यात फक्त ब्लँकेटापुरतं बोलणं व्हायचं. "थंडी वाजती?" "वाजती." "अजून एक देऊ?" "तुम्हाला जड होत नसेल तर." असलं. पण मी चार्ट लिहायला वाकले की त्यांची नजर माझ्या पेनाबरोबर सरकते, हे मला न बघताही कळायचं.

एका गुरुवारी ते म्हणाले, "तो कागद दाखवा बघू."

मी चार्ट समोर धरला. तासातासाला ठिपके, ठिपके जोडणारी रेघ.

"आलेख छान काढता तुम्ही."

"कसला आलेख! बीपी हाय ते."

"खाली तास, उभ्यात बीपी. ठिपका बरोबर जागेवर. यालाच आलेख म्हणतात, बाई."

मला हसू आलं, आणि मग एकदम वाईटही वाटलं. "सर, याच आलेखानं दोनदा पाडलंय मला. पहिलंच प्रकरण, दोन चलांतली रेषीय समीकरणं. त्याच्या पुढं कधी गेलेच न्हाय मी."

"पुस्तक हाय का अजून?"

"उंदरांनी ठेवलं असंल तर."

"सोमवारी आणा," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. विचारलं नाही, सांगितलं. मास्तर तो शेवटी मास्तरच.

सोमवारी मी कडा कुरतडलेलं पुस्तक घेऊन गेले. कामं उरकून, दीपा मॅडमची परवानगी काढून स्टूल त्यांच्या उजव्या हाताला ओढलं. डाव्या हातात सुया होत्या. त्यांतून लाल नळ्या मशीनकडं जायच्या, परत यायच्या. तो हात हलवायचा नसतो.

"आधी मला सांगा," मी म्हटलं, "हा x मंजे नेमका कोण?"

"कुणीपण. आज तास, उद्या लिंबं, परवा अंडी. आपण ठरवू तो."

"आणि y?"

"तो x वर अवलंबून. हे बघा..." त्यांनी मशीनच्या पडद्याकडं मान केली. "आज माझ्या अंगातलं किती पाणी काढायचंय?"

"दोन हजार चारशे मिली."

"किती तासांत?"

"चार. मंजे... तासाला सहाशे."

"झालं की! आता x म्हणजे झालेले तास. y म्हणजे अंगात राहिलेलं जादा पाणी. सुरुवातीला, x शून्य असताना, y किती?"

"चोवीसशे."

"एका तासानं?"

"अठराशे. मग बाराशे. मग सहाशे. मग..." मी थांबले. "मग शून्य."

त्यांनी गुडघ्यावरच्या वहीत लिहिलं, 600x + y = 2400.

मी त्या ओळीकडं बघत राहिले. आठ वर्षं ज्याला भ्याले ते हे होतं? हे तर मी रोज बघत होते. चार तास, दर सोमवारी, दर गुरुवारी.

त्यांनी आलेखाचा कागद काढला. आडवा अक्ष, उभा अक्ष. मी ठिपके मांडले, एकही चुकला नाही. मग त्यांनी पट्टी ठेवली, पेन्सिल टेकवली... आणि पट्टी सरकली. परत ठेवली, परत सरकली. सरळ रेघ ओढायला दोन हात लागतात. एकानं पट्टी दाबायची, दुसऱ्यानं ओढायचं. त्यांच्याकडं एकच होता.

त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. वर्गात फळ्यावर फूटभर पट्टी धरून रेघा मारणारा माणूस.

मी हात पुढं केला आणि पट्टीची दोन्ही टोकं दाबून धरली.

"वढा आता."

त्यांनी रेघ ओढली. पेन्सिल माझ्या बोटांना चाटून गेली, अगदी हलकेच. मी बोट काढलं नाही. त्यांनीही "बाजूला घ्या" म्हटलं नाही. रेघ सगळ्या ठिपक्यांतून खाली खाली गेली आणि आडव्या अक्षावर चारला टेकली.

समोरच्या बेडवरून बाळासो सुतार खोकले. सत्तरीचा म्हातारा, सगळ्या विभागाची खबर ठेवणारा. "मास्तर, एक रेघ मारायला दोन माणसं लागत्यात व्हय रं?"

"अवघड हाय, बाळासो," सर म्हणाले.

"दिसतंय की," बाळासो म्हणाले आणि मशीनकडं तोंड करून हसले.

त्या दिवसापासून ते मला 'अगं' म्हणायला लागले. कधी, ते दोघांनाही कळलं नाही.

दिवाळी झाली, उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले, आणि माझं पहिलं प्रकरण संपत आलं. एकदा दोन समीकरणं दिली होती, x + y = 5 आणि 2x – y = 4. दुसऱ्याचे माझे तीन ठिपके एका रेघेत येईनात. मी पट्टी तिरकी करून बघितली, कागद तिरका करून बघितला.

"कागद फिरवून रेघ सरळ होत नाही, राजनंदिनी."

"मग सर, रेघेला दोनच ठिपके पुरतात म्हणता, तर तिसरा काढायला लावताच कशाला? दोनच काढले असते तर बिनतक्रार रेघ आली असती!"

"आली असती. चुकीची." त्यांनी पेन्सिलीनं पहिला ठिपका गोल केला. "x शून्य घेतलास. मग y किती?"

"चार."

"उणे चार."

मी जीभ चावली. खोडलं, ठिपका खाली नेला. तिन्ही एका रेषेत आले, आणि दोन रेषा एकमेकींना (3, 2) वर भेटल्या. मी एवढ्या जोरात "आलं!" म्हणाले की दोन नंबरच्या आजी दचकून जाग्या झाल्या.

सर माझ्याकडं बघत होते. कागदाकडं नाही. मी बघितल्यावर त्यांनी नजर हळूच पडद्यावर नेली, जणू तिथंच काहीतरी तपासायचं होतं.

"लग्न का न्हाय केलं तुमी?" मी विचारून टाकलं. विचारल्यावर वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

"ठरलं होतं. पत्रिका छापायला टाकायच्या होत्या, तेवढ्यात रिपोर्ट आला." मग हसून म्हणाले, "बरं झालं की. पत्रिका वाचल्या."

"आणि किडनी? घरातलं कुणी..."

"आईला साखरेचा त्रास. थोरल्या आण्णाची जुळते. पण त्याला दोन लहान पोरं हायत. वहिनी माझ्यासमोर काही बोलली नाही, नुसती दाराला धरून उभी राहिली. मग मीच आण्णाला सांगितलं, तू भानगडीत पडू नको." त्यांनी डोळे मिटले. "पुढचं उदाहरण वाच."

मी वाचलं. अक्षरं हलत होती.

जानेवारीतल्या एका सोमवारी मी कामावर आले, तर बाळासोंचा बेड रिकामा होता. चादर नवी, उशी फुगवलेली. रविवारी घरीच गेले म्हणे, झोपेत. दहा वाजता त्या बेडवर एक नवा माणूस आला आणि मी त्याला ब्लँकेट दिलं.

सर आले. त्यांनी बेड बघितला, मला बघितलं. दोन तास ते छताकडं बघत पडून होते. बीपी एकदम उतरलं, पाय वळले, मी वाकून त्यांची पावलं चोळत राहिले. मशीन ओरडत होतं. दीपा मॅडम धावत आल्या, बटणं दाबली, सलाईन सोडलं. हळूहळू त्यांच्या ओठांना रंग आला.

"राजनंदिनी," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तू या माणसांना जीव लावू नकोस. काम कर. जीव लावू नकोस."

"उशीर झाला," मी म्हटलं.

ते त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. पण पायावरचा माझा हात काढायला त्यांनी सांगितलं नाही.

मार्चमध्ये मी परत दहावीला बसले. आलेखाचा प्रश्न होता, x + y = 6 आणि 2x – y = 3. माझ्या आजूबाजूला पंधरा-सोळा वर्षांची पोरं, मधे मी घोडी. तीन-तीन ठिपके काढले. रेषा (3, 3) वर भेटल्या. मी पट्टी उचलली आणि तिथंच, सुपरवायझरच्या समोर, डोळ्यांतून पाणी आलं.

निकालात गणिताला सत्तावन्न मिळाले. गुरुवारी मार्कलिस्ट नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, उजव्या हातानं घडी घातली, उलगडली.

"पेढा आणला न्हाय," मी म्हटलं. "तुम्हाला चालत न्हाय."

"मला काय चालत नाही ते तुला सगळं पाठ हाय."

"व्हय. आणि काय चालतंय ते पण."

"काय चालतंय?"

मी चार्टवर पुढचा ठिपका मांडला. मशीनचा आवाज तेवढा चालू होता... चार तासांतले दोन झाले होते, आणि पहिल्यांदाच वाटलं, ते संपू नयेत. माणूस यातनेत असताना असं वाटणं बरं नव्हे. तरी वाटलं.

जूनमध्ये हॉस्पिटलात रक्तदानाचं शिबिर झालं. मीही रक्त दिलं. कार्ड हातात घेऊन वर आले, तर सरांच्या शेजारी त्यांच्या आई बसलेल्या. चंदनाकाकू. हल्ली सरांना अशक्तपणा फार यायचा, म्हणून सोबत आलेल्या. वाळकी, गोरी बाई, मांडीवर जपाची माळ.

"रक्त दिलंस व्हय?" त्या म्हणाल्या. "कुठला गट तुझा?"

"ओ पॉझिटिव्ह."

त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि खूप वेळ वाचलं. मग परत देताना माझा हात सोडला नाही. सर झोपले होते. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. प्रेमळ आहेत, एवढंच वाटलं.

पुढच्या रविवारी त्या आणि गोमटेशदादा आमच्या फुलेवाडीच्या घरी आले. सोबत सफरचंदं आणि एक हिरवी साडी. आण्णा म्हणजे हेच, हे मला चेहऱ्यावरून कळलं. भाऊ एकमेकांसारखेच होते, फक्त हे भरलेले.

आमच्या बापानं सतरंजी अंथरली. मी चहा ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

"पोरगी मागायला आलोय," चंदनाकाकू म्हणाल्या. "आमच्या वृषभसाठी. जात-धर्म आमी बघत न्हाय. पोरगी गुणाची हाय, त्याचं सगळं बघती."

बाप गोंधळला. "पण त्यांची तब्येत..."

"तीच तर देवाची करणी," काकू म्हणाल्या. आवाज कापत होता. "दोघांचं रक्त एकच हाय. बायको दिऊ शकती, कायद्यात बसतंय. एका किडनीवर माणूस शंभर वर्सं जगतंय, डॉक्टरच सांगत्यात..."

चहा उतू गेला. मला आवाज आला पण हलता येईना. गोमटेशदादा सतरंजीच्या दोऱ्याकडं बघत होते. वर बघायची त्यांची हिंमत नव्हती.

माझा बाप आयुष्यात कुणाला वर आवाजात बोललेला नाही. तो हळूच उठला.

"बाई," तो म्हणाला, "तुमी पोरगी मागायला आलायसा का किडनी?"

चंदनाकाकूंनी पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागल्या. खोटं नव्हतं ते रडणं. पोटातून येत होतं. मला त्यांचा राग यावा असं फार वाटलं, पण राग धड येईना. ज्या दिवसाची मी रोज वाट बघत होते, तो असा आला होता. साडी घेऊन, आणि असा.

सफरचंदं तिथंच राहिली. साडी बापानं परत दिली.

सोमवारी पाच नंबरच्या बेडवर सर आले नाहीत. गुरुवारीही नाही. दीपा मॅडमनी फोन लावला. ते म्हणाले, घाट उतरून कोकणात खाली एका हॉस्पिटलात सोय झालीय, तिकडंच करतो आता. मला फक्त एक मेसेज आला. 'घरच्यांनी जे केलं त्याची लाज वाटते. माफ कर. कोर्सला नाव घाल.'

मी नाव घातलं. मॅडम म्हणाल्या तसं फॉर्म भरला, फोटो लावला. पाच नंबरला दुसरं कुणी यायला लागलं. ब्लँकेट देताना मी तोंडाकडं बघायची नाही. आणि एका बुधवारी, सुट्टी न सांगता, रंकाळा स्टँडवर जाऊन गगनबावड्याच्या एसटीत बसले.

जुलै होता. साळवण मागं पडलं तसं धुकं खिडकीतून आत यायला लागलं. गाडीतली माणसं बोलायची थांबली, नुसते वायपर बोलत राहिले. उतरले तेव्हा हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. शाळा मी विचारत विचारत शोधली. लांब कौलारू इमारत, पागोळ्यांची भिंत.

मधली सुट्टी झाली आणि ते व्हरांड्यात आले. किती उतरले होते... शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा. मला बघून जागच्या जागी उभे राहिले.

"कशाला आलीस एवढ्या पावसात?"

"तुमच्या आईंना उत्तर द्यायचं राहिलंय. म्हटलं आधी तुम्हाला द्यावं."

"उत्तर मी देऊन टाकलंय. तो विषय संपला, राजनंदिनी. त्यांनी तुला माणूस म्हणून... जाऊ दे. मला बोलवत नाही."

"मग मी बोलते." पाऊस एवढा होता की मला ओरडावं लागत होतं. "आईंनी त्यांना काय पायजे ते सांगितलं. तुमी तुम्हाला काय नको ते ठरवून घाटाखाली पळून गेलायसा. मला काय पायजे ते इचारलंय कुणी? एकानं तरी?"

त्यांनी हातातला खडू कठड्यावर ठेवला.

"मला तुमच्याशी लगीन करायचंय. आणि किडनी द्यायची न्हाय."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी कानडीत बोलले.

"दोन्ही एकदमच सांगते, मंजे घोटाळा नको. किडनी देणार न्हाय. पायजे तर तुमी न्हाय म्हणा."

"अगं, मशीनवरच्या माणसाचं आयुष्य... तू बघितलंयस. बाळासो बघितलेस."

"बघितलंय, म्हणूनच बोलते. बाकीच्या पोरी न बघता करतात."

ते खांबाला टेकले. मग म्हणाले, "आणि उद्या तुला स्वतःलाच वाटलं, द्यावी... तर?"

"वाटंल. रोज वाटंल. तवा तुमी न्हाय म्हणायचं."

"आणि मी भ्यालो तर? मरायला टेकलो, घाबरलो, आणि मीच मागितली तर?"

ह्याचा विचार मी केला नव्हता. येताना सगळ्या वाटेवर केला नव्हता. ते खरंच विचारत होते, उत्तराची वाट बघत होते. त्यांना तीच भीती होती, तेव्हा कळलं. आईची नाही, लोकांची नाही, स्वतःचीच.

"तवा मी न्हाय म्हणीन," मी म्हटलं. "म्हणायचा प्रयत्न करीन."

ते हसले. हसता हसता तोंड फिरवलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी जवळ गेले. त्यांचा डावा हात, जो मी वर्षभरात कधी धरला नव्हता, सुयांचा हात, तो मी दोन्ही हातांत घेतला. मशीनसाठी त्यातली शीर धमनीला जोडलेली असते, म्हणून त्याच्यात रक्त घुमत असतं, कान लावला तर ऐकू येतं. मला बोटांना लागत होतं.

"चालतंय की," ते म्हणाले. एवढंच.

मग खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच आईला लावला. "आई, लग्न करतोय. हां, तिच्याशीच... नाही. ती देणार नाही. मी घेणारही नाही. तरी करतोय."

पलीकडून फोन बंद झाला.

आम्ही दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिलो. धुकं मैदान गिळत होतं. दहा मिनिटांनी फोन वाजला, त्यांनी ऐकला आणि माझ्याकडं दिला. "तुझ्याशी बोलायचं म्हणतीय."

मी फोन कानाला लावला. मग चंदनाकाकू म्हणाल्या, "माझं चुकलं म्हणणार न्हाय मी. आई हाय त्याची."

"व्हय," मी म्हटलं. "तुमी म्हणू नगासा."

पलीकडं कसल्यातरी भांड्याचं झाकण वाजलं.

"रविवारी दोघं जेवायला या," त्या म्हणाल्या. "त्याला बिनमिठाचं करते. तुला काय आवडतं?"

मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. "काय पण करा," मी म्हटलं, आणि शेवटचा शब्द फुटला.

घंटा झाली. सरांनी खांद्यानं डोळे पुसले, खडू उचलला.

"गाडी सव्वापाचला हाय," ते म्हणाले. "तोवर तास हायत माझे. थांबशील?"

"थांबते की."

ते वर्गात गेले. मी पायरीवर बसले, पदर डोक्यावरून घेतला. पावसाच्या आवाजातून त्यांचा आवाज तुटक तुटक येत होता, पण येत होता.